नोंद आणि नाव : तृतीयपंथी व्यक्तींच्या शासकीय ओळखीचा इतिहास (इ. स. १८७१ ते २०२३)

१

शासकीय कागदावर माणसाची ओळख उतरते ती मुख्यतः तीन अंगांनी : नाव, नाते आणि लिंग. मराठी रूढीत पहिली दोन अंगे एकाच ओळीत येतात, कारण व्यक्तीच्या नावापुढे पित्याचे किंवा पतीचे नाव व त्यानंतर आडनाव लिहिण्याची पद्धत आहे. तिसरे अंग तर स्वतंत्र रकान्याची वाटही पाहत नाही. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो’ किंवा ‘लिहून देते’ असे म्हणताच लिहून देणाऱ्याचे लिंग क्रियापदातून प्रकट होते. इंग्रजीत शपथपत्र करणाऱ्यास ही निवड करावी लागत नाही. मराठीत ती पहिल्याच वाक्यात करावी लागते.

बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ही तिन्ही अंगे परस्परांशी जुळलेली असतात, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या व्यक्तीला जन्मवेळी नोंदलेले लिंग आपले वाटत नाही, आणि घर सुटल्यामुळे जिचे नाव व नातेही बदलले आहे, तिच्या बाबतीत मात्र एक कागद दुसऱ्या कागदाविरुद्ध साक्ष देऊ लागतो. मतदार ओळखपत्रावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे रूप दोहोंशी न जुळणारे, अशी स्थिती झाली की शिधापत्रिका, बँकेचे खाते, भाड्याचे घर, रुग्णालयातील खाट आणि नोकरीचा अर्ज ही सर्व एकाच वेळी अडतात.

तृतीयपंथी व्यक्तींना ओळखपत्रांतील नाव व लिंग बदलून घेण्यासाठी मिळणारे विधी साहाय्य हा विषय वरकरणी गेल्या दहा-पंधरा वर्षांतला वाटतो. वस्तुतः त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. शासनाने या समुदायाची नोंद घेतली नव्हती, ही समजूत या इतिहासाशी जुळत नाही. नोंद वारंवार घेतली गेली; परंतु ती कोणी लिहावयाची, कोणत्या पुराव्यावर लिहावयाची आणि ती कोणाच्या हाती राहावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. प्रस्तुत निबंधात या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने नागपूर, विदर्भ व मराठी भाषक प्रदेश यांच्या संदर्भात हा इतिहास पाहावयाचा आहे.

२

इंग्रजी अमलापूर्वीच्या महाराष्ट्रात या समुदायाचा शासनाशी असलेला संबंध प्रामुख्याने हक्काच्या स्वरूपाचा होता. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबई इलाख्याच्या दप्तरांवरून असे दाखविले आहे की, दख्खनमधील हिजडा समुदायाला भिक्षा मागण्याचे परंपरागत हक्क व काही ठिकाणी जमिनी होत्या, आणि त्यांना मराठा शासनाच्या सनदांचा आधार होता. गावोगावच्या बलुत्या-अलुत्यांचे हक्क ज्या चौकटीत बसत, त्याच चौकटीच्या कडेला हे हक्कही बसत होते.

सनद या लेखप्रकाराचे स्वरूप येथे लक्षात घेण्यासारखे आहे. सनद दिली जाते. ती धारकाच्या हाती असते. वाद उत्पन्न झाल्यास धारक ती पुढे करतो. तिच्यात धारकाचा हक्क सांगितलेला असतो आणि इतरांनी त्यास अडथळा करू नये अशी आज्ञा असते. हे वर्णन अर्थातच सुवर्णयुगाचे नव्हे. सनदेने मिळत होता तो भिक्षेचा हक्क. प्रतिष्ठेचा, शिक्षणाचा किंवा इतर व्यवसायांचा नव्हे. तथापि शासनाच्या दृष्टीने हा समुदाय हक्कदारांपैकी एक होता, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कंपनी सरकारपुढे हे हक्क आले तेव्हा प्रश्न निराळ्या भाषेत विचारला गेला. सरकारने या हक्कांच्या वसुलीस आपला पाठिंबा देणे म्हणजे लज्जास्पद प्रथेस राजमान्यता देणे होय, असा विचार मुंबई सरकारच्या पत्रव्यवहारात बळावला आणि हक्कांना असलेला कायद्याचा आधार काढून घेण्यात आला. भिक्षा मागणे चालूच राहिले. परंतु ज्या कृतीला काल सनद होती ती आज केवळ लोकांच्या दयेवर किंवा भयावर अवलंबून राहिली.

३

१८७१ च्या सत्ताविसाव्या अधिनियमाने, म्हणजे गुन्हेगार जमाती अधिनियमाने, या समुदायासाठी एक नवा लेखप्रकार निर्माण केला : नोंदवही. अधिनियमाचा पहिला भाग तथाकथित गुन्हेगार जमातींविषयी होता, हे सर्वज्ञात आहे. त्याचा दुसरा भाग सर्वस्वी ‘यूनक’ या इंग्रजी शब्दाने निर्दिष्ट केलेल्या व्यक्तींविषयी होता, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. जेसिका हिंची यांच्या २०१९ मधील ग्रंथाने या दुसऱ्या भागाच्या अंमलबजावणीचा इतिहास तपशिलाने मांडला.

अधिनियमाच्या चोविसाव्या कलमानुसार मुले पळविणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा दंड संहितेच्या कलम ३७७ खालील अपराध करणे यांचा वाजवी संशय असलेल्या अशा सर्व व्यक्तींची नावे व राहण्याची ठिकाणे नोंदवहीत लिहावयाची होती. नोंदविलेली व्यक्ती सार्वजनिक रस्त्यावर स्त्रीवेषात वा स्त्रियांचे अलंकार घालून दिसली, किंवा तिने तेथे नृत्य वा वादन केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. सोळा वर्षांखालील मुलगा जवळ ठेवणे अपराध ठरले. नोंदविलेल्या व्यक्तीला अज्ञानाचे पालक होण्याची, दानपत्र वा मृत्युपत्र करण्याची आणि मुलगा दत्तक घेण्याची क्षमता नाही, असेही ठरविण्यात आले. सारांश, ज्या क्षणी नाव वहीत गेले त्या क्षणी इतर सर्व कागद करण्याचा अधिकार संपला.

व्याख्येचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. जी पुरुष व्यक्ती स्वतः नपुंसक असल्याचे कबूल करील, किंवा वैद्यकीय तपासणीत तशी स्पष्ट दिसून येईल, तिचा समावेश ‘यूनक’ या संज्ञेत होतो, असे कलमात म्हटले होते. याचा अर्थ, व्यक्तीच्या स्वतःच्या कथनास कायद्यात स्थान होते, पण ते कबुलीच्या रूपाने. आणि ते न मिळाल्यास वैद्याची तपासणी होती. पुढील दीडशे वर्षे चाललेल्या वादाची दोन्ही टोके, म्हणजे स्वतःचे कथन आणि शरीराची तपासणी, अशा रीतीने एकाच वाक्यात प्रथम अवतरली.

हा दुसरा भाग मूळ अधिनियमानुसार वायव्य प्रांत, पंजाब व अवध येथे लागू होता. नागपूर राजधानी असलेले मध्य प्रांत त्याच्या कक्षेत नव्हते. १९११ च्या नव्या अधिनियमात हा भाग उरला नाही. परंतु कायद्याची वाक्ये कायद्यापेक्षा अधिक काळ जगतात. निजामाच्या राज्यात, ज्यात त्या वेळी मराठवाडा समाविष्ट होता, फसली सन १३२९ मध्ये, म्हणजे इ. स. १९१९-२० च्या सुमारास, याच धर्तीचा कायदा झाला. तो तेलंगणा प्रदेशाच्या कायदेसंग्रहात एकविसाव्या शतकापर्यंत टिकला आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. बेळगाव परिसरातील मराठी भाषक ज्या राज्यात आहेत त्या कर्नाटकाच्या पोलीस अधिनियमात २०११ मध्ये कलम ३६-अ घालण्यात आले. त्यातील नोंदवहीची तरतूद वाचली असता १८७१ च्या कलमाची वाक्यरचना जवळजवळ जशीच्या तशी आढळते. समुदायाच्या संघटनांनी त्यास आव्हान दिल्यानंतर त्या कलमातील ‘यूनक’ हा शब्द बदलण्यात आला.

४

मध्य प्रांतांत ही नोंदवही नव्हती, म्हणून तेथे नोंद नव्हती असे मात्र नाही. १९०१ च्या जनगणनेचे अधीक्षक आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतांतील जातिजमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘हिजडा, खसुआ’ अशी एक नोंद आहे. सागर भागातील माहितीच्या आधारे तेथे असे सांगितले आहे की, खसुआ हे जन्मजात व हिजडे हे शस्त्रक्रियेने झालेले समजले जातात, आणि खसुआ हिजड्यांना आपल्यात घेत असल्याचे नाकारतात. ग्रंथाच्या योजनेत ही नोंद इतर जातींच्या नोंदींच्या रांगेत, वर्णानुक्रमाने येते. येथे संशयिताची वही नसून मानववंशशास्त्राची यादी आहे. परंतु वर्गीकरणाचा निकष पुन्हा शरीर हाच आहे.

या प्रदेशातील सामान्य माणसाची कागदी ओळख मात्र अशा ग्रंथांतून नव्हे, तर गावाच्या दप्तरातून होत होती. मध्य प्रांत व वऱ्हाडात जन्ममृत्यूच्या नोंदी गावकोतवालामार्फत ठेवल्या जात. ‘कोतवाल बुक’ किंवा ‘कोतवाल पंजी’ या नावाने त्या विदर्भात आजही ओळखल्या जातात. त्यांतील अनेक जन्मनोंदींत बाळाचे नाव आढळत नाही. आढळते ते पित्याचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ हा शब्द. म्हणजे नाव ठेवले जाण्यापूर्वीच व्यक्तीचे नाते व लिंग लिहिले गेलेले असे. पुढे मूल शाळेत गेले की ‘दाखल-खारीज’ रजिस्टरात नाव, जात व जन्मतारीख यांची नोंद होई, आणि तिच्यावरून शाळा सोडल्याचा दाखला मिळे.

हे जुने कागद अभिलेखागारात पडून राहिलेले नाहीत. महाराष्ट्रात जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी यांसाठी २००१ चा तेविसावा अधिनियम आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा पितृकुळाकडून आणावा लागतो. विदर्भात हा पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या कोतवाल बुकातील किंवा दाखल-खारीज रजिस्टरातील उताऱ्याच्या रूपाने सापडतो.

तृतीयपंथी व्यक्तीची अडचण येथे पूर्णपणे दृष्टीस पडते. आजोबांपासून आपल्यापर्यंत कागदांची साखळी जुळविण्यासाठी ज्या घराची कागदपत्रे लागतात, त्या घराचे दार अनेकांना वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बंद झालेले असते. शाळेच्या दाखल्यावर मुलाचे नाव आहे. आजचे नाव स्त्रीचे आहे. आणि आडनावाच्या जागी कुळाचे नाव राहिलेले नाही. नाव बदलले तर जातीचा पुरावा तुटतो, आणि न बदलले तर स्वतःची ओळख नाकारावी लागते. नागपूरसारख्या शहरात, जेथे दलित व आदिवासी समाजांसाठी शिक्षण व नोकरी यांचा मार्ग जातीच्या प्रमाणपत्रावरून जातो, हा पेच केवळ तात्त्विक राहत नाही. लिंगाचा रकाना बदलणे हे कायदेशीर कामाचे केवळ आरंभस्थान ठरते.

५

स्वातंत्र्योत्तर काळात शासकीय अर्जांवरील रकान्यात प्रथम अक्षरे बदलली. २००५ पासून पारपत्राच्या अर्जात पुरुष व स्त्री यांच्याबरोबर ‘ई’ हे अक्षर आले. ते ‘यूनक’ या शब्दाचे आद्याक्षर होते. नोव्हेंबर २००९ मध्ये निवडणूक आयोगाने मतदार यादीत ‘इतर’ या अर्थाने ‘ओ’ हे अक्षर लिहिण्याची मुभा दिली. २०११ च्या जनगणनेत पुरुष व स्त्री यांव्यतिरिक्त ‘इतर’ अशी नोंद देशात ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची झाली. २०१८ मध्ये आयकर खात्याने स्थायी लेखा क्रमांकाच्या अर्जात स्वतंत्र वर्ग ठेवला.

या अक्षरांचा क्रम उद्बोधक आहे. ‘ई’ मध्ये १८७१ ची संज्ञा शिल्लक होती. ‘इतर’ या शब्दाने ती गेली. परंतु ‘इतर’ हा शब्द कोणाचेच वर्णन करीत नाही. दोन नावे सांगून झाल्यावर जे उरते त्याचा तो वाचक आहे. तथापि मतदानाचा अधिकार बजाविण्यासाठी स्त्री वा पुरुष असल्याचा खोटा उच्चार करण्याची सक्ती त्याने संपविली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य मान्य केले पाहिजे.

निर्णायक वळण १५ एप्रिल २०१४ रोजी आले. न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने सर्वोच्च न्यायालयात दिलेला हा निर्णय राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या नावाने ओळखला जातो, कारण २०१२ मधील मूळ याचिका त्या प्राधिकरणाचीच होती. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्यात मध्यस्थ अर्जदार होत्या. विधी साहाय्याच्या इतिहासात ही गोष्ट असाधारण आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ मध्ये मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व आले, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला व १९९५ मध्ये तो अमलात आला. त्यातून उभी राहिलेली संस्था सामान्यतः एकेका पक्षकाराला वकील मिळवून देते. येथे तिने एका समग्र समुदायाची बाजू स्वतः मांडली.

न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. हिजडा व तत्सम समुदायांना तृतीय लिंग म्हणून मान्यता द्यावी, ही पहिली. आणि व्यक्तीने पुरुष, स्त्री वा तृतीय लिंग अशी जी ओळख स्वतः निश्चित केली असेल तिला केंद्र व राज्य शासनांनी कायद्याने मान्यता द्यावी, ही दुसरी. इंग्लंडमधील १९७० च्या कॉर्बेट खटल्यात स्वीकारलेली शरीरावर आधारित कसोटी न्यायालयाने नाकारली व मनाची कसोटी पत्करली. शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदेशीर होय, असेही स्पष्ट केले. १८७१ च्या कलमात कबुली व तपासणी या दोन पर्यायांपैकी तपासणीचा पर्याय येथे बाद झाला. आणि कबुलीचे रूपांतर हक्काच्या कथनात झाले.

६

२०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. मूळ कलम ४ (२) मध्ये स्वतःला जाणवणाऱ्या लिंगओळखीचा हक्क सांगितला होता. परंतु कलम ५ व ६ नुसार त्या ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हादंडाधिकाऱ्याकडून घ्यावयाचे होते, आणि शस्त्रक्रियेनंतर ‘पुरुष’ वा ‘स्त्री’ अशी नोंद हवी असल्यास कलम ७ प्रमाणे वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावयाचा होता. निर्णयाने बाहेर काढलेला वैद्य अधिनियमाने अशा रीतीने एका दाराने पुन्हा आत आणला. या विसंगतीवर त्या काळात समुदायाने व विधिज्ञांनी कठोर टीका केली.

सप्टेंबर २०२० च्या नियमांनी कार्यपद्धती ठरविली. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलेला असावा. अर्जासोबत विहित नमुन्यातील शपथपत्र द्यावे. शारीरिक वा वैद्यकीय तपासणी न करता प्रमाणपत्र तीस दिवसांत द्यावे. आणि ते दाखविल्यावर संबंधित कार्यालयाने आपल्या कागदातील नाव, छायाचित्र व लिंग पंधरा दिवसांत बदलावे, अशी ती योजना होती. बदललेल्या कागदावर मूळ कागदाचाच क्रमांक कायम राहावा, हीही तरतूद होती. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या शेवटच्या तरतुदीमुळे जुनी व नवी व्यक्ती एकच असल्याचे कागदानेच सिद्ध होत होते.

विधी साहाय्याचे खरे काम या नियमांच्या फटींत चालले. गुरूच्या घरी राहणाऱ्या चेल्याकडे भाडेपत्र नसते, वीजदेयक तिच्या नावाने नसते. मग बारा महिन्यांचे वास्तव्य दाखवावयाचे कसे? नावबदलाच्या रूढ मार्गात शपथपत्रानंतर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते व तेथे जुने नाव नव्या नावाशेजारी छापून सर्वांपुढे येते. जिने जुने नाव पूर्णपणे मागे टाकले आहे तिला हे प्रकाशन जाचक होते. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे हा मार्ग टाळता येतो, हे कार्यालयातील लिपिकाला नियम दाखवून पटवावे लागले.

येथे शब्दांचा प्रश्नही उपस्थित होतो. जन्मनोंदीविषयी १९६९ च्या अधिनियमातील कलम १५ चुकीच्या नोंदीच्या ‘दुरुस्ती’विषयी बोलते. माध्यमिक शाळा संहितेतील नियम २६.४ विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर रजिस्टरातील नोंदीत फेरफार करण्यास, उघड चुकीचा अपवाद सोडून, प्रतिबंध करतो. ‘दुरुस्ती’ म्हटले तर पहिली नोंद चुकीची होती असे ठरते, आणि ती तत्कालीन माहितीप्रमाणे बिनचूक होती असे कार्यालय म्हणते. ‘बदल’ म्हटले तर पूर्वीची नोंद खरी होती व आता व्यक्ती निराळी झाली असे ठरते, आणि हे अर्जदाराला मान्य नसते. अर्जदाराच्या दृष्टीने ती आरंभापासून जी होती तीच आहे. मराठी प्रशासनाच्या शब्दसंग्रहात या तिसऱ्या अर्थासाठी रूढ शब्द नव्हता. अर्ज लिहून देणाऱ्या वकिलाला तो प्रत्येक वेळी वाक्य करून सांगावा लागला.

शपथपत्राच्या मराठी मसुद्यातील ‘देतो / देते’ यांपैकी एक रूप खोडण्याची कृतीही याच प्रकारची. कायरा हॉल व व्हेरोनिका ओडोनोव्हन यांनी १९९६ मध्ये बनारसच्या हिंदी भाषक हिजड्यांविषयी केलेल्या अभ्यासात असे दाखविले आहे की, त्या प्रसंग व नाते पाहून क्रियापदाची स्त्रीलिंगी व पुल्लिंगी रूपे योजतात. मराठीत व्याकरणाचे तिसरे लिंगही आहे; परंतु प्रौढ माणसाने स्वतःविषयी बोलताना नपुंसकलिंगी रूप वापरण्याची रूढी नाही. व्याकरणातील तिसरे लिंग व कायद्यातील तृतीय लिंग यांचा मेळ बसत नाही तो यामुळे. पतंजलीनेही महाभाष्यात शरीरचिन्हांवरून शब्दाचे लिंग ठरविण्याची व्याख्या विचारात घेऊन ती अपुरी ठरविली होती. तो विचार शब्दांचा होता, माणसांचा नव्हे, परंतु बाह्य चिन्ह व लिंग यांचे समीकरण भारतीय शास्त्रविचारास स्वयंसिद्ध वाटत नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

संज्ञांची स्थितीही याहून निराळी नाही. केंद्राच्या हिंदी पाठात ‘उभयलिंगी’ हा शब्द योजला गेला. मराठीत तो वनस्पतिशास्त्रातील फुलांसाठी रूढ असून त्याचा अर्थ शरीररचनेशी बांधलेला आहे. मराठी प्रशासनाने ‘तृतीयपंथी’ हा शब्द स्वीकारला. तो अधिक सौजन्याचा आहे. पण त्यातील ‘पंथ’ या पदामुळे गुरू-चेला परंपरेतील समुदायच डोळ्यांपुढे येतो, आणि जन्मतः मुलगी म्हणून नोंदलेला परंतु स्वतःला पुरुष मानणारा अर्जदार त्या शब्दाखाली सहसा ओळखला जात नाही. ‘पारलिंगी’ हा अलीकडचा शब्द ही उणीव भरून काढतो.

७

नात्याच्या रकान्याचे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील आहे. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवर एका तृतीयपंथी उमेदवाराने भरलेला अर्ज डिसेंबर २०२० मध्ये फेटाळण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी ते फेटाळणे रद्द केले. न्या. रवींद्र घुगे यांनी अधिनियमातील स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीच्या हक्काचा आधार घेतला. यापुढे आयुष्यात आपण स्त्री हीच ओळख ठेवू, हे उमेदवाराचे गंभीर कथनही न्यायालयाने नोंदविले. त्यानंतर ती उमेदवार निवडूनही आली. याच्या उलट, जुन्या मध्य प्रांतांत मोडणाऱ्या कटनी येथे महापौरपदी निवडून आलेल्या कमला जान यांची निवड, त्या पुरुष असून जागा स्त्रियांसाठी राखीव होती या कारणावरून, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २००३ मध्ये अमान्य केली होती. दोन निर्णयांमधील अठरा वर्षांत कसोटी बदलली होती.

जळगावच्या प्रकरणाचे शीर्षकही वाचण्यासारखे आहे. याचिकाकर्तीचे नाव तेथे ‘अंजली गुरू संजना जान’ असे येते. मराठी नावात पित्याच्या नावाला जे स्थान असते ते येथे गुरूच्या नावाने घेतले आहे. पारपत्राच्या नियमांत साधू-संन्याशांना पालकांच्या नावाऐवजी गुरूचे नाव लिहिण्याची सवलत डिसेंबर २०१६ मध्ये देण्यात आली होती. घर सोडणाऱ्या एका वर्गाचे गुरुनाते राज्याने मान्य केले. दुसऱ्या वर्गाचे ते न्यायालयाच्या शीर्षकातून आत आले.

नागपुरात या कामाची दोन केंद्रे दिसतात. एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व दुसरे सारथी ट्रस्टसारख्या, आरोग्याच्या कामातून समुदायाशी जोडल्या गेलेल्या संस्था. १९८७ च्या अधिनियमातील कलम १२ च्या मूळ यादीत मोफत साहाय्यास पात्र व्यक्तींमध्ये तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती किंवा अल्प उत्पन्नाची व्यक्ती म्हणून पात्रता सिद्ध करावी लागे, आणि त्यासाठी पुन्हा कागद लागे. या पार्श्वभूमीवर २०१८ मध्ये नागपूरच्या लोकअदालतीत विद्या कांबळे यांची सदस्य म्हणून झालेली नियुक्ती अर्थपूर्ण ठरते. महाराष्ट्रात अशा आसनावर बसणाऱ्या त्या पहिल्या तृतीयपंथी व्यक्ती होत्या. ज्या समुदायाचे नाव दुसऱ्यांनी लिहिले, त्यातील व्यक्ती तडजोडीच्या हुकुमावर सही करणाऱ्यांत आली.

तथापि प्रगती सरळ रेषेत झाली नाही. २०२२ मध्ये राज्यातील पोलीस भरतीच्या अर्जात तृतीय पर्याय नसल्याने उमेदवारांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागले, आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचल्यावर शासनाने तो पर्याय ठेवला. त्यानंतर थोड्याच काळाने, २०२३ मध्ये, नागपूर पोलिसांनी तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली तृतीयपंथी व्यक्तींना घरोघरी व चौकाचौकांत पैसे मागण्यास मनाई करणारा आदेश काढला. दमदाटीने पैसे उकळण्याच्या तक्रारी हे त्याचे कारण सांगण्यात आले. अशा अपराधासाठी दंड संहितेत सर्वांना लागू असलेली कलमे होतीच. आदेशाने मात्र कृतीबरोबर समुदायाचाही उल्लेख केला. प्रमाणपत्रात व्यक्ती होती. आदेशात पुन्हा वर्ग आला.

८

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सनद, नोंदवही व प्रमाणपत्र हे तीन लेखप्रकार एकाच समुदायाशी राज्याच्या तीन निरनिराळ्या संबंधांचे द्योतक आहेत. सनद धारकाच्या हाती होती, पण तिच्यात भिक्षेपलीकडचा हक्क नव्हता. नोंदवही पोलिसांच्या हाती होती व तिच्यात हक्कांचा लोप होता. प्रमाणपत्र पुन्हा धारकाच्या हाती आले आणि त्यामागे प्रथमच नागरिकत्वाचा पूर्ण आशय होता.

दुसरा निष्कर्ष पुराव्याविषयी आहे. स्वतःचे कथन की शरीराची तपासणी, हा वाद २०१४ मध्ये उत्पन्न झाला नाही. तो १८७१ च्या व्याख्येतच होता. ज्या ज्या वेळी तपासणीचा आग्रह वाढतो त्या त्या वेळी प्रमाणपत्र नोंदवहीच्या दिशेने सरकते, कारण तेव्हा ओळख सांगण्याचा अधिकार धारकाकडून तपासणाऱ्याकडे जातो. कोणत्याही नव्या तरतुदीचे मूल्यमापन या कसोटीवर करता येईल.

तिसरा निष्कर्ष विधी साहाय्याविषयी. त्याचे मोजमाप किती प्रमाणपत्रे मिळाली एवढ्यावरून करणे पुरेसे नाही. कोतवाल बुकातील ‘मुलगा’ या शब्दापासून आजच्या नावापर्यंत सर्व कागद एका व्यक्तीचे आहेत, हे जातीचा, शिक्षणाचा व वारशाचा कोणताही हक्क न गमावता सिद्ध करून देणे, हे ते कार्य होय. त्यासाठी कायद्याच्या ज्ञानाइतकीच दप्तराच्या भाषेची जाण लागते. विदर्भातील जुनी गावदप्तरे, शाळांची रजिस्टरे आणि विधी सेवा प्राधिकरणांकडील अर्जांचे मसुदे यांचा भाषिक व ऐतिहासिक अभ्यास विद्यापीठीय संशोधकांनी हाती घेतल्यास, तो प्रत्यक्ष अर्जदारांच्याही उपयोगी पडेल.